धावफलकावर नसलेली चूक

दोन माणसे मिळून एखादी चूक करतात, तेव्हा क्षमा कोणी मागायची हा प्रश्न आपल्या घराघरांत अधूनमधून उद्भवतो, आणि थोड्या रुसव्याफुगव्यानंतर त्याचे उत्तरही सापडते. पण चाळीस हजार माणसे मिळून एकाच माणसाचा अपराध करतात, तेव्हा क्षमा कोणी मागायची? धर्मशास्त्राच्या अभ्यासात सामुदायिक पापाविषयी मी वाचले होते, परीक्षेत उत्तरेही लिहिली होती. तरी हा प्रश्न खऱ्या अर्थाने माझ्यासमोर उभा राहिला तो अमेरिकेतील शिकागो शहरात, बेसबॉलच्या एका जुन्या मैदानावर, जून महिन्यातल्या एका लख्ख दुपारी.

२०१८ साली शिकागोमधील एका धर्मग्रामात तेथील धर्मगुरू रजेवर असताना तीन महिने सेवा करण्याचा योग मला आला. रोज सकाळच्या मिस्साला पहिल्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसत. वय अठ्ठ्याहत्तर, पोलिश वंशाचे, टपाल खात्यात पत्रे वाटण्याचे काम करून निवृत्त झालेले. मिस्सा संपली की वेदीवरच्या मेणबत्त्या विझवायला ते न सांगता पुढे येत. आमची ओळख झाली ती त्या मेणबत्त्यांपाशी. आठवडाभरातच त्यांनी मला बजावले, “फादर, शिकागोला येऊन तुम्ही रिग्ली फील्ड न पाहता परत गेलात, तर मी तुमच्या बिशपस्वामींना तक्रारीचे पत्र लिहीन.” मागील वर्षी त्यांच्या निधनाची बातमी त्यांच्या मुलीने कळवली. त्यांनी मला सांगितलेली एक गोष्ट तेव्हापासून मनात घर करून आहे. ती गोष्ट त्यांनी पापनिवेदनात सांगितलेली नाही, हे येथेच स्पष्ट करतो. तशी असती, तर ती माझ्या मुखातून कधीच बाहेर पडली नसती. भाजलेल्या शेंगांची पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवून, उघड्या आकाशाखाली, त्यांनी ती सांगितली. आणि “तुमच्या लोकांना सांगावीशी वाटली तर खुशाल सांगा,” असेही म्हणाले.

रिग्ली फील्ड हे मैदान १९१४ साली बांधले गेले. ‘शिकागो कब्ज’ हा संघ १९१६ पासून तेथे खेळतो. गंमत अशी, की मैदान होण्यापूर्वी त्या जागेवर लुथरन पंथीयांची गुरुपाठशाळा होती! त्या वृद्ध गृहस्थांनी ही माहिती मला मोठ्या खुशीत दिली. “म्हणजे फादर, जागा आधीपासूनच प्रार्थनेची आहे,” असे ते म्हणाले. उंच पुलावरून धावणाऱ्या आगगाडीने आम्ही ॲडिसन स्थानकावर उतरलो आणि लोकांच्या लोंढ्याबरोबर चालू लागलो. मैदान शहराबाहेर कोठे नाही. विटांच्या घरांच्या भर वस्तीत ते वसले आहे. मैदानाच्या टोकाची भिंत वेलींनी हिरवीगार झाकलेली असते. हे वेल १९३७ साली लावले. त्याच वर्षी उभारलेल्या धावफलकावर आजही माणसे आत बसून हातांनी आकडे बदलतात. कब्ज संघाचा दिव्यांच्या उजेडातला पहिला सामना येथे झाला तो थेट १९८८ साली. तोवर त्यांचा येथील सारा खेळ सूर्याच्या साक्षीने चालत असे. सामना संपला, की धावफलकाच्या माथ्यावर विजयाचा पांढरा किंवा पराभवाचा निळा झेंडा चढतो, म्हणजे आगगाडीतून घरी निघालेल्या माणसालाही निकाल कळतो.

वयाच्या सहाव्या वर्षापासून ते येथे येत होते. वडिलांचे बोट धरून प्रथम आले तेव्हा काय पाहिले, असे मी विचारले, तर म्हणाले, “गवत. बाहेर सगळा धूर आणि सिमेंट. जिना चढून वर आलो आणि एकदम एवढे हिरवे गवत दिसले. मला वाटले, स्वर्ग असाच असेल.” वडील कारखान्यात कामाला होते, जन्म १९१० चा. कब्ज संघाने अजिंक्यपद मिळवले होते ते १९०८ साली, म्हणजे त्यांच्या जन्माआधी. ते १९८७ साली वारले, तोवर पुन्हा ते पद संघाच्या वाट्याला आले नव्हते. अख्खे आयुष्य ज्या गोष्टीची वाट पाहिली, ती न पाहताच ते गेले. वडिलांनी मुलाला एक सवय मात्र लावली. सामना पाहताना गुडघ्यावर पुठ्ठा ठेवायचा, त्यावर चौकटींचा कागद, आणि प्रत्येक घटना पेन्सिलीने टिपून ठेवायची. बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षकांना १ ते ९ असे क्रमांक असतात. कोणी कोठे चेंडू अडवला, कोणाकडे फेकला, हे सारे आकड्यांत लिहिता येते. एखाद्या क्षेत्ररक्षकाच्या हातून सहज अडवता येण्याजोगा चेंडू निसटला, तर त्याच्या क्रमांकासमोर चुकीचे अक्षर लिहितात. मोठ्या धावफलकावरही धावा आणि यशस्वी फटके यांच्या शेजारी तिसरा रकाना असतो तो चुकांचा. आपल्या क्रिकेटच्या धावफलकावर सुटलेल्या झेलांचा असा रकाना नसतो. माणसाची चूक एवढ्या उघडपणे मांडणारा खेळ मी पाहिला नव्हता. मला ते थोडे क्रूर वाटले, आणि तसे मी बोललोही. ते हसले. “उलट आहे, फादर. चूक एक झाली, तर तेथे एकच लिहितात. दोन लिहीत नाहीत. आणि उद्याचा सामना शून्यापासून सुरू होतो.”

मग त्यांनी बोट लांब करून डाव्या कुंपणाकडची एक जागा दाखवली. चौथा विभाग, आठवी रांग, आसन क्रमांक ११३. तेथे दोन तरुण उभे राहून एकमेकांची छायाचित्रे काढीत होते.

“त्या खुर्चीवर एक माणूस बसला होता,” ते म्हणाले. “आणि मी त्याचा गुन्हेगार आहे.”

ती घटना १४ ऑक्टोबर २००३ ची. बेसबॉल न जाणणाऱ्या वाचकांसाठी ती सोपी करून सांगतो. कब्ज संघ अंतिम मालिकेत १९४५ नंतर पोहोचलाच नव्हता. त्या रात्री फ्लोरिडा मार्लिन्स संघाविरुद्ध ते तीन धावांनी आघाडीवर होते; आणखी पाच गडी बाद झाले, की अंतिम मालिकेचे दार उघडणार होते. मैदानात जवळजवळ चाळीस हजार प्रेक्षक होते. जागा न मिळालेले आणखी कितीतरी बाहेर रस्त्यावर उभे होते. आठव्या डावात मार्लिन्सचा लुईस कास्तियो याने मारलेला चेंडू उंच उडून डाव्या कुंपणाकडे, प्रेक्षकांच्या दिशेने गेला. कब्जचा क्षेत्ररक्षक मोइझेस अलू याने कुंपणाला टेकून झेलासाठी हात उंचावला. त्याच क्षणी पहिल्या रांगांतल्या चार-पाच प्रेक्षकांनीही हात पुढे केले. बेसबॉलमध्ये प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याला मिळेल त्याचा होतो. लहान मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येक जण आयुष्यभर त्या एका चेंडूची वाट पाहत असतो. चेंडू लागला एकाच्या हाताला. झेल हुकला. अलू संतापाने हातमोजा आपटू लागला. तो प्रेक्षक कानाला रेडिओ लावून बसलेला, कब्जची टोपी घातलेला, त्याच संघाचा भक्त असलेला तरुण होता. त्याचे नाव जगाने पुष्कळ उच्चारले आहे. मी ते येथे लिहीत नाही.

झेल हुकला, पण सामना तेथे संपला नव्हता. आघाडी कायम होती. त्यानंतर चेंडूफेक बिघडली. मिगेल काब्रेराचा जमिनीवरून आलेला चेंडू, ज्यावर कदाचित दोन गडी बाद झाले असते, तो शॉर्टस्टॉप ॲलेक्स गोन्झालेझ याच्या हातमोज्यातून निसटला. एकामागून एक फटके बसत गेले आणि त्या एका डावात मार्लिन्सनी आठ धावा केल्या. तो सामना गेला. दुसऱ्या दिवशी निर्णायक सामना होता. तोही कब्जनी गमावला. परंतु आठव्या डावातच चाळीस हजारांना आपला अपराधी सापडला होता. त्या खुर्चीवर बियर आणि खाद्यपदार्थ फेकले गेले, शिव्यांचे घोष झाले. शेवटी सुरक्षारक्षकांनी त्याचा चेहरा झाकून त्याला बाहेर नेले. त्याच्या घरासमोर पोलिसांच्या गाड्या उभ्या कराव्या लागल्या. त्याने दुसऱ्या दिवशी निवेदन काढून अंतःकरणापासून दिलगिरी व्यक्त केली. सामन्याचा निकाल मैदानावर लागतो, प्रेक्षकांच्या बाकांवर नव्हे, असे खुद्द कब्ज संघाच्या व्यवस्थापनानेही जाहीर केले. कोणी ऐकले नाही.

“मी उजव्या बाजूच्या कुंपणामागे, उघड्या बाकांवर बसलो होतो,” ते वृद्ध गृहस्थ सांगू लागले. “त्या कोपऱ्यापासून पार दुसऱ्या टोकाला. त्या काळी येथे चित्र पुन्हा दाखवणारा मोठा पडदा नव्हता. मी काही म्हणजे काही पाहिले नाही, फादर. शेजारचा म्हणाला, कुणा मूर्खाने झेल घालवला. त्याला बाहेरून कुणीतरी ओरडून सांगितले होते. मग सगळे बोट दाखवून ओरडू लागले. मीही उभा राहिलो आणि ओरडलो. जे ओरडलो ते माझ्या आईने ऐकले असते, तर तिने मला घरात घेतले नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्साला आलो आणि ख्रिस्तशरीर स्वीकारले. आपण काही केले आहे, असे मनातही आले नाही.”

ते मनात आले तीन आठवड्यांनी, टपालाची पिशवी खांद्यावर असताना. कोणाच्या तरी दारात पत्रे टाकता टाकता त्यांना वाटले, त्या तरुणाच्या दारातही आपल्यासारखाच कोणी टपालवाला रोज जात असेल. त्याच्या पिशवीत काय काय असेल? त्या रात्री त्यांनी क्षमेचे पत्र लिहिले. ते पाकिटात घातले, तिकीट लावले; पण टाकले नाही. “जन्मभर लोकांची पत्रे पोहोचवली, आणि हे एक टाकले नाही. मला वाटले, एकट्या मी माफी मागून काय होणार? आम्ही तर चाळीस हजार होतो.”

हे वाक्य ऐकून मी गप्प राहिलो. धर्मगुरूकडे अशा वेळी काही ना काही उत्तर असते, अशी लोकांची समजूत आहे. माझ्याकडे ते त्या दुपारी नव्हते. त्यानंतर मी त्यावर जो विचार केला, तो वाचकांपुढे ठेवतो.

‘आम्ही चाळीस हजार होतो’ या उद्गारात एक हिशेब लपलेला आहे. एखाद्या सहलीचा खर्च चाळीस जणांत वाटून घ्यावा, तसा अपराधही वाटून घेता येतो, असे आपण मानतो. अपराध एक, वाटेकरी चाळीस हजार. तेव्हा माझ्या वाट्याला त्याचा चाळीस हजारावा भाग येणार. एवढ्या बारीक कणाबद्दल कोणता शहाणा माणूस क्षमा मागायला जाईल? पण हा हिशेब खुर्ची क्रमांक ११३ वरून मांडून पाहा. तेथे बसलेल्याच्या वाट्याला चाळीस हजारावा भाग आला नाही. त्याला सगळे चाळीस हजार आले. देणाऱ्यांनी आपापले देणे भागून घेतले, घेणाऱ्याच्या अंगावर मात्र त्याची बेरीज पडली. गर्दीच्या अपराधाची ही जात ओळखली पाहिजे. त्यात प्रत्येक जण जवळजवळ निर्दोष असतो, आणि तरी एक माणूस जवळजवळ चिरडला जातो.

ख्रिस्तशरीराच्या सणासाठी संत थॉमस अक्वायनस यांनी रचलेल्या स्तोत्रात एक विचार आहे. एकाने ग्रहण केले काय आणि हजारांनी ग्रहण केले काय, प्रत्येकाला तोच ख्रिस्त संपूर्ण मिळतो. वाटल्याने तो कमी होत नाही. कृपेविषयी आपण हे सहज मानतो. दोषाविषयीही तसेच मानायला हवे, असे मला वाटते. हजारांनी मिळून एकाला दगड मारले, तरी माझ्या हातून सुटलेला दगड हा माझा संपूर्ण दगड असतो. इतरांच्या दगडांनी त्याचे वजन घटत नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली ‘समेट आणि प्रायश्चित्त’ या विषयावर दिलेल्या प्रेरितीय बोधपत्रात सामाजिक पापाचा विचार केला आहे. अशी पापे म्हणजे अनेक वैयक्तिक पापांचा साठा असतो. परिस्थिती, संस्था किंवा समाज हा स्वतः नैतिक कृतीचा कर्ता नसतो, अशी त्यांची शिकवण आहे. गुरुपाठशाळेत आम्हांला ही शिकवण कठोर वाटली होती. समाजावर बोट ठेवण्याची सोय ती काढून घेते, असे आम्ही वाद घालीत असू. आज तिच्यातली दया दिसते. गर्दी हीच कर्ता असेल, तर पश्चात्तापाला कोणी उरतच नाही. कारण गर्दी ओरडू शकते, पण गुडघे टेकू शकत नाही. सामना संपतो, दिवे मालवतात, आणि गर्दी नावाचा प्राणी त्याच क्षणी नाहीसा होतो. उरतात ती घरी निघालेली माणसे. क्षमा मागता येते ती त्यांनाच.

बायबलमध्ये गर्दीची चित्रे पुष्कळ आहेत. त्यांतले एक थेट प्रेक्षागृहातलेच आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस येथील लोक संत पौलाच्या सोबत्यांना ओढत नाट्यगृहात नेतात आणि दोन तास एकच घोष करीत राहतात. संत लूक तेथे एक बारकावा नोंदवतो: आपण कशासाठी जमलो आहोत, हेच बहुतेकांना ठाऊक नव्हते. उजव्या कुंपणामागे बसून डाव्या कुंपणाकडच्या माणसाला शिव्या देणारे माझे मित्र त्याच इफिसकरांच्या वंशातले, आणि आपणही. याच्या अगदी उलट चित्र योहानाच्या आठव्या अध्यायात आहे. धोंडे घेऊन आलेल्या जमावाला प्रभू येशू जमाव म्हणून उत्तर देतच नाही. तो एक वाक्य बोलतो आणि खाली वाकून जमिनीवर लिहू लागतो. त्या वाक्याने प्रत्येकाला स्वतःकडे पाहावे लागते. मग ते एकेक करून, थोरांपासून सुरुवात करून, निघून जातात. आले होते जमावाने, परतले एकेकटे. प्रभूने त्या स्त्रीला वाचवले हे आपण नेहमी सांगतो. त्याने त्या जमावातल्या प्रत्येकाला पुन्हा माणूस केले, हे सांगायचे राहून जाते.

शिकागोच्या या कथेत बकरीही आहे. १९४५ च्या अंतिम मालिकेत एका मद्यगृहाचा मालक आपली पाळीव बकरी घेऊन सामन्याला आला, तिला प्रवेश नाकारला गेला, आणि त्याने संघाला शाप दिला, अशी दंतकथा शहराने साठ-सत्तर वर्षे जपली. पराभवाचे खापर आधी बकरीवर फुटत होते. २००३ साली ते माणसावर फुटले. पुढे त्या चेंडूचा लिलाव झाला. एका उपाहारगृहाने तो १ लाख १३ हजार डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतला आणि २६ फेब्रुवारी २००४ रोजी लोकांसमक्ष स्फोटाने त्याच्या चिंध्या केल्या. शाप नाहीसा करण्याचा तो विधी होता! विसाव्या शतकातील कॅथलिक विचारवंत रेने जिरार यांनी मानवी समाजाच्या याच खोडीवर आयुष्यभर चिंतन केले: आपसांतला क्षोभ एकाच्या माथी मारून समाज शांत होतो, आणि त्या शांतीला पवित्र समजतो.

लेवीय ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी वर्णन केला आहे. मुख्य याजक बकऱ्याच्या मस्तकावर दोन्ही हात ठेवतो आणि मग त्याला रानात सोडून देतात. ‘बळीचा बकरा’ म्हटले की आपल्याला एवढेच आठवते. पण हात ठेवल्यावर याजक इस्राएलची सर्व पापे उच्चारून कबूल करतो, हा त्या विधीचा गाभा आहे. पापे लोकांची आहेत, बकऱ्याची नाहीत, हे तेथे मोठ्याने सांगितले जाते. आपण बळीचे बकरे शोधतो ते नेमके ही कबुली टाळण्यासाठी. शिकागोच्या त्या रात्री कबूल कोणीच काही केले नाही. एकाला मात्र रानात सोडले.

येथे त्या धावफलकाच्या तिसऱ्या रकान्याकडे परत येतो. मैदान पाहून झाल्यावर ते गृहस्थ मला घरी घेऊन गेले आणि २००३ च्या त्या सामन्याचा कागद त्यांनी समोर ठेवला. आठव्या डावाच्या चौकटीत शॉर्टस्टॉपच्या क्रमांकापुढे, म्हणजे ६ या आकड्यापुढे, चुकीची खूण होती. फक्त एक. कुंपणाकडे गेलेल्या त्या चेंडूची मात्र नोंद नव्हती. न झेलला गेलेला, रेषेबाहेरचा चेंडू त्या कागदावर लिहिण्याची पद्धतच नाही. ज्या कारणासाठी एका माणसाचे जगणे अवघड झाले, ते कारण त्या सामन्याच्या प्रामाणिक हिशेबात कोठे नव्हते. तो हिशेब मांडणारा हात आणि शिवी देताना उंचावलेला हात एकाच माणसाचे होते. “पेन्सिल हातात होती तोवर मी शहाणा होतो,” ते म्हणाले.

दोषाचे माप ठेवणे ही निर्दयता आहे, असे मला आधी वाटले होते. आता वाटते, माप नसणे हीच निर्दयता. त्रेंत येथील धर्मपरिषदेने १५५१ साली शिकवले, की गंभीर पापे कबूल करताना त्यांचा प्रकार आणि संख्या सांगावी. पुष्कळ भाविकांना हा कारकुनी काटेकोरपणा वाटतो. पण ज्याला नाव आणि संख्या आहे, त्याचीच क्षमा होऊ शकते, आणि क्षमा झाली की ते संपते. ‘तू आमच्या सगळ्या दुःखाचे कारण आहेस’ या आरोपाला नावही नाही आणि आकडाही नाही. म्हणून त्याला शेवटही नाही. घरातल्या एखाद्या सुनेवर, वर्गातल्या एखाद्या मुलावर किंवा गावातल्या एखाद्या कुटुंबावर असा अमाप दोष एकदा बसला, की तो पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाही, हे आपण पाहतोच.

गर्दी वाईटच असते, असे मात्र मी म्हणणार नाही. ते त्या मैदानावर अन्याय करणारे होईल. सातव्या डावाच्या मध्यंतरात सारे प्रेक्षक उभे राहून एक जुने गाणे म्हणतात, तेव्हा शेजारचा अनोळखी माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवून गात होता. आणि २०१६ साली याच लोकांनी केलेली एक गोष्ट ऐकून माझे डोळे ओलावले. त्या वर्षी कब्ज संघ अखेर अंतिम मालिकेत खेळत असताना लोक मैदानाच्या बाहेरील विटांच्या भिंतीवर खडूने नावे लिहू लागले. ही नावे होती वाट पाहत वारलेल्या आईवडिलांची, आजोबांची, भावंडांची. बघता बघता हात पोहोचेल तेथवर भिंत भरून गेली. या गृहस्थांनीही आपल्या वडिलांचे नाव लिहिले. १०८ वर्षांनंतर अजिंक्यपद मिळाले तो निर्णायक सामना क्लीव्हलँड येथे झाला २ नोव्हेंबर रोजी, म्हणजे ज्या दिवशी ख्रिस्तसभा सर्व मृत भाविकांसाठी प्रार्थना करते त्या दिवशी. शेवटचा गडी बाद झाला तेव्हा शिकागोच्या घड्याळात तो दिवस संपायला जेमतेम काही मिनिटे उरली होती. ज्या जमावाने एका जिवंत माणसाला वाळीत टाकले, तोच जमाव आपल्या मृतांना एकेका नावाने आठवत होता. फरक कशाने पडला? खडू एकेकाच्या हातात होता, आणि प्रत्येकाने लिहिलेले नाव त्याच्या प्रेमाचे होते, म्हणून.

पुढल्या वर्षी, जुलै २०१७ मध्ये, कब्ज संघाने त्या प्रेक्षकाला अजिंक्यपदाची अंगठी दिली. खेळाडूंना देतात तशीच. ती स्वीकारताना त्याने निवेदनात आभार मानले, आणि एखाद्यालाच दोषी ठरवून त्याला छळण्याच्या वृत्तीला या घटनेने आळा बसावा, अशी आशा व्यक्त केली. चौदा वर्षांत त्याने आपली कहाणी विकली नाही, कोणाला उलट शिवी दिली नाही. वर्तमानपत्रांनी लिहिले, शिकागोने त्याला क्षमा केली. माझ्या मित्राला या वाक्याचा राग येई. “आम्ही त्याला क्षमा केली? त्याने केले तरी काय होते? क्षमा आम्ही मागायला हवी होती.”

त्यांचे पत्र तेव्हाही टेबलाच्या खणात होते. परत येण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना विचारले, “ते अजून टाकता येईल ना?” ते म्हणाले, “पंधरा वर्षे झाली, फादर. आता तो विसरला असेल. जुनी जखम का उघडायची?” यावर मी काही सांगू शकलो नाही, कारण तोवर माझ्याही खणातले एक न टाकलेले पत्र मला आठवले होते.

मी पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो, तेथे सणाच्या संध्याकाळी मंडपाचा एक भाग वाऱ्याने कोसळला. देवाच्या कृपेने कोणी दगावले नाही; तिघी-चौघींना मार लागला. मंडप बांधणारा आमच्याच धर्मग्रामातला तरुण होता. अवकाळी पावसाने जमीन भुसभुशीत झाली आहे, खांब धरणार नाहीत, कार्यक्रम शाळेच्या सभागृहात घ्या, असे त्याने आदल्या दिवशी सुचवले होते. कार्यक्रम मैदानावरच होईल, असे ठरवणाऱ्या बैठकीचा अध्यक्ष मी होतो. सणानंतरच्या सभेत सारे त्याच्यावर तुटून पडले. मी एक शब्दही वाईट बोललो नाही. एक शब्दही बोललो नाही. आपण शांतता राखली, असे तेव्हा मला वाटले. तो उठून गेला, आणि त्यानंतर चर्चमध्ये आला नाही. माझी बदली झाली, आणि विषय संपला असे मी धरून चाललो.

शिकागोहून परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा ठेवला. मी त्याला म्हणालो, “त्या सभेत मी बोलायला हवे होते. मैदान आम्ही निवडले होते, तू नव्हे. माझे चुकले.” तो बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “फादर, तुम्ही आलात, ते बरे झाले. पण हे तुम्ही त्या दिवशी तेथे, सगळ्यांसमोर बोलायला पाहिजे होते.” एवढेच. त्याचे म्हणणे रास्त होते. चहा पिऊन मी उठलो. तो आता मिस्साला येतो का, मला ठाऊक नाही. विचारण्याचा अधिकारही मला नाही. जे उघड्यावर मोडले, ते बंद दाराआड पुरते जोडता येत नाही, हे मी त्या घरी शिकलो. म्हणून त्याचे नाव न घेता का होईना, हे येथे छापून देत आहे.

प्रत्येक मिस्साच्या आरंभी आपण पापकबुलीची प्रार्थना म्हणतो. आठशे-हजार माणसे ती एका सुरात म्हणतात. तरी त्या प्रार्थनेत ‘आम्ही’ हा शब्द नाही, ‘मी’ आहे. प्रत्येक जण स्वतःच्याच छातीवर हात मारतो, शेजाऱ्याच्या नव्हे. आणि जे केले त्याबरोबर, जे करायचे राहिले, तेही आपण त्या प्रार्थनेत कबूल करतो. ख्रिस्तसभेने शतकानुशतके जमावाला माणूस करण्याची ही रीत जपली आहे. येत्या रविवारी ती प्रार्थना म्हणताना आपल्या मनात एखादी खुर्ची येते का, ते पाहावे. ज्याच्यावर आपण सर्वांनी मिळून बोट रोखले, असा कोणी आपल्या घरात, वाडीत, संस्थेत आहे का? इतर एकोणचाळीस हजार नऊशे नव्व्याण्णव काय करतात, याची वाट न पाहता त्याच्याकडे जावे. उशीर झाला असेल, तरी जावे.

त्या वृद्ध गृहस्थांच्या मुलीने मला लिहिले, की त्यांच्या टेबलाचा खण आवरताना सामन्यांचे जुने कागद सापडले, पेन्सिली सापडल्या. तिकीट लावलेले पाकीट मात्र तिने कोठे पाहिल्याचे लिहिले नाही. त्यांनी ते टाकले असावे, असे मी मानतो. प्रभू त्यांना चिरशांती देवो.